तीन बोटं

"ताई, ही सायकल तुमची नाही," मेस्त्री म्हणाला आणि मी चपापलेच. आगाशीच्या तळ्याजवळ रस्त्याच्या कडेला त्याची टपरी. वर निळं मेणकापड, आत खुंटीला टांगलेल्या ट्यूबा, पुढ्यात पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. मी नुसती हवा भरायला थांबले होते, आणि सायकल स्टँडला लागायच्या आत हा आरोप. "म्हणजे?" मी विचारलं. पंपाची नळी सोडवत तो म्हणाला, "चार दिवस बघतोय. येताना अर्ध्या आडव्या होऊन येता. जाताना मागनं कंबर डोलताना दिसते, एकदा इकडे, एकदा तिकडे. दुखत असेल ना?"

दुखत होती. पण हे मी घरातही धडपणे कोणाला सांगितलं नव्हतं. सत्तावन्नाव्या वर्षी सायकल काढल्यावर कंबर दुखली असं सांगणं म्हणजे सगळ्यांच्या हातात आयतं कोलीत देणं.

सायकल खरंच माझी नव्हती. मुलाची होती. तो पाच फूट दहा इंच, मी पाच फुटांच्या जेमतेम वर. नोकरीसाठी तो बंगळूरला गेला आणि गिअरची ती सायकल पडवीत जुन्या चादरीखाली उभी राहिली. बँकेतून निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या श्रावणात एका सकाळी पावसाने उघडीप दिली, मी चादर ओढली, कोळ्यांची जाळी झटकली आणि निघाले. सीट थोडी खाली करावी हे सुचलं नाही असं नाही. पण तो आला की पुन्हा वर करावी लागेल, त्यापेक्षा आपणच थोडं ताणून घेऊ, असं मनात आलं. हे मनात येणं इतकं सवयीचं होतं की ते आलं हेही तेव्हा कळलं नाही.

दुखण्याला वेळापत्रक होतं. पहिली वीस मिनिटं काही नाही. मग माकडहाडाच्या चार बोटं वर, जिथे पाठीला दोन खळ्या पडतात तिथे, कोणी अंगठे टेकवून ठेवल्यासारखं वाटायचं. राजोडीपर्यंत त्या अंगठ्यांचा पट्टा व्हायचा. कळंबला सुरूच्या बनापाशी उतरून सरळ उभी राहायला जायची तर अंग दोन टप्प्यांत उभं राहायचं: आधी गुडघे, मग बऱ्याच वेळाने बाकीची मी.

आपल्याकडे कंबरेच्या दुखण्याला केवढे शब्द आहेत. कंबर धरते, भरते, लचकते, मोडून येते, चमक निघते, उसण भरते, ती वेगळीच. माझी आई यातला फरक नेमका सांगायची. वाकून मोगरा खुडल्यावर कंबर मोडून यायची, पाण्याची घागर उचलताना उसण भरायची, आणि पहिलीला निगडीच्या पाल्याचा शेक तर दुसरीला नुसतं पडून राहणं. डॉक्टरांच्या कागदावर या सगळ्यांचं मिळून एकच नाव होतं, आणि तेही वाचता येत नव्हतं.

बाबांची सायकल काळी होती. चोवीस इंची फ्रेम, ब्रेकच्या तारांऐवजी लोखंडी दांड्या, चामड्याच्या सीटखाली बोटभर जाड स्प्रिंगा. हँडल इतकं वर आणि इतकं जवळ, की बाबा सायकलवर बसले की ओसरीतल्या खुर्चीतच बसलेत असं वाटायचं. पहाटे चारच्या आत कॅरिअरवर करंड्या बांधल्या जायच्या. केळीच्या पानात गुंडाळलेला सोनचाफा, ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या. आगाशीहून विरार स्टेशन पाच-सहा किलोमीटर; तिथून लोकलने दादरचा फुलबाजार. मागे एवढं ओझं असताना पुढे वाकायची सोयच नव्हती. ते ताठ बसायचे, अंधारात डायनॅमोचा पिवळा ठिपका डुगडुगायचा आणि सीटच्या स्प्रिंगांचा कुईं-कुईं आवाज वळणापर्यंत ऐकू यायचा. दिवसा परतताना ते वाड्यांच्या कुंपणांवरून आत बघत यायचे. कोणाची केळी लागली, कोणाकडे सुकेळी वाळत घातलीत, कोणाच्या विहिरीवर पंप बसला, सगळं जेवताना सांगायचे. गिअरच्या सायकलवरून मला यातलं काही दिसत नाही. मला पुढचं चाक दिसतं, त्याखालचा डांबराचा चट्टा दिसतो, आणि मान वर केली तर समोरच्या टेम्पोची मागची पाटी.

म्हणून जुनी सायकल चांगली, असं मात्र मी म्हणणार नाही. ताठ बसलं की अंगाचं सगळं वजन बुडाखाली जातं, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मणक्यांची शिडी चढत थेट मानेपर्यंत येतो. त्या स्प्रिंगा काही हौसेच्या नव्हत्या. बाबा रात्री भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि मला म्हणायचे, "मानेवर मूठ मार जरा." मी मारायची. त्या मुठी कशाच्या होत्या हे आत्ता, या वयात कळतंय.

त्याच सायकलवर मी शिकले. १९७९ साल असेल. नळीवरून पाय टाकून सीटवर बसणं मुलींना तर शोभणारच नव्हतं, आणि मुलांनाही त्या उंचीला जमणारं नव्हतं, म्हणून नळीखालून. डावा हात हँडलवर, उजवी बगल सीटवर, उजवा पाय फ्रेमच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर, आणि सगळं अंग सायकलच्या बाहेर लोंबतंय. सायकल एका बाजूला कललेली, आपण दुसऱ्या बाजूला. आधी हाफ पायडल, मग पुरतं. त्या पिळलेल्या स्थितीत मी निर्मळच्या जत्रेपर्यंत गेले आहे, आणि तेव्हा कंबर नावाचा अवयव आपल्याला आहे याची मला वार्ताही नव्हती. दहावीच्या वर्षी घरात नवी सायकल आली ती भावासाठी. लेडीज सायकल तासाच्या भाड्याने मिळायची, पण ती नेहमी आधीच कोणीतरी नेलेली असायची. नंतर नोकरी लागली आणि सायकल संपली.

नोकरी म्हणजे विरार ते चर्चगेट. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली, ती बोरिवलीपर्यंत. नंतर ती आमच्या विरारपर्यंत आली तेव्हा डब्यात पेढे वाटले होते. पण स्पेशल असो की साधी, तीन जणींच्या बाकावर चौथी बसतेच. "जरा सरका ना" म्हटलं की तिघी श्वास आत ओढतात आणि कडेला वीतभर जागा होते. त्या जागेवर एक बूड मावतं, दुसरं हवेत. डावा पाय वाटेत रोवायचा, उजवा आत, पर्स मांडीवर, आणि अंधेरीपर्यंत असंच. मी चौथ्या सीटची माहेरवाशीण होते. अठ्ठावीस वर्षं. पुढे कंबर दाखवायला गेले तेव्हा विरारच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला बिनपाठीच्या स्टुलावर बसवलं, मागून दोन्ही बाजूंना हात लावून बघितलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही एका बाजूला का बसता?" मला हसू आलं. तिला वाटलं गुदगुल्या झाल्या.

ती मुलगी हुशार होती. तिने मला समोरच्या टेबलावरचं पेन उचलायला सांगितलं. मी उचललं. "बघा, तुम्ही कंबरेतून वाकलात," ती म्हणाली. "आता खुब्यातून वाका." मला दोन्ही एकच वाटत होतं. तिने माझ्या कंबरेवर एक उभी पट्टी धरली, पट्टी पाठीला चिकटून राहिली पाहिजे म्हणाली, आणि मग ढकललं. मांड्यांच्या मागच्या शिरा अशा काही ओढल्या गेल्या की डोळ्यांत पाणी आलं. बसून-बसून त्या आखडल्या होत्या. त्या आखडल्या की ओटीपोटाचं हाड पुढे झुकत नाही; मग हँडलपर्यंत पोचायचं तर वाकणार कोण? कंबरेचे मणके. ते बिचारे कमानीसारखे वाकून बसतात, पायडलच्या प्रत्येक फेरीला थोडे-थोडे ताणले जातात, आणि वीस मिनिटांनी अंगठे टेकतात. सीट फार उंच असली तर आणखी एक: खालच्या पायडलपर्यंत पाय पोचवायला कुल्ले आळीपाळीने खाली घसरतात. मेस्त्रीला मागून दिसलं ते हेच डोलणं. तासाभरात अशी काही हजार डोलणी होत असतील.

खुब्यातून वाकणं मी पाहिलेलं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. लावणीच्या दिवसांत शेतात ओळीने वाकलेल्या बाया. पाय जवळजवळ सरळ, पाठ पाटासारखी सपाट, खुब्याशी काटकोन. तशा त्या दिवसभर मागे-मागे सरकत रोपं टोचायच्या. त्यांना कोणी पट्टी लावली नव्हती. अर्थात रात्री त्याही कण्हायच्या, हे विसरून चालणार नाही. शेतातल्या बाईच्या पाठीचं कौतुक शेताबाहेरच्या माणसाला जरा लवकरच सुचतं.

मग माणूस सायकलवर वाकला कशासाठी, असा प्रश्न मला पडला आणि त्याचं उत्तर मला कळंबच्या रस्त्यावरच मिळालं. आमची पश्चिमेकडची वसई सपाट. चढ म्हणावा असा चढ नाही. पण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि सपाट रस्ता घाटासारखा होतो. छातीवर हात ठेवून कोणी मागे लोटावं तसं. अशा वेळी कोणी न सांगता माणूस खाली वाकतो, वाऱ्याला कमी सापडतो. सपाटीवर सायकलवाल्याची जास्तीत जास्त ताकद वारा कापण्यातच जाते. १८८५ साली इंग्लंडमध्ये स्टार्लीने दोन जवळजवळ सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी लावलेली रोव्हर काढली आणि आजची सायकल जन्मली. तेव्हापासून शर्यतवाले हँडल खाली-खाली नेत आले आहेत.

या वाकण्याच्या इतिहासात मला दोन माणसं फार आवडतात. १९३३ मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फोर नावाचा सायकलपटू चक्क उताणा झोपून सायकल चालवू लागला. पाठ टेकलेली, पाय पुढे. मोशे नावाच्या कारागिराने बनवलेलं ते वाहन. तासाभरात त्याने ४५ किलोमीटरचं अंतर ओलांडलं आणि जुना विक्रम मोडला. पाठीला एवढं सुख आणि वर विक्रम! दुसऱ्याच वर्षी सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलं, ही सायकलच नव्हे. दुसरा ग्रेअम ओब्री, स्कॉटलंडचा. त्याने स्वतःची सायकल स्वतः जोडली, तिच्यात धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग बसवले, आणि हात छातीखाली दुमडून, अंडं उबवणाऱ्या पक्ष्यासारखा बसून १९९३ साली नॉर्वेत तासाचा विक्रम केला. १९९४ मध्ये त्याच्या बसण्यावरही बंदी आली. माणसाने कसं बसावं हे ठरवायला समित्या असतात, हे मला बाकावरच्या तीन जणींमुळे ठाऊक होतंच. पतंजलींनी आसन स्थिर हवं आणि सुखाचंही हवं एवढंच म्हटलं, तेही सायकल निघायच्या कितीतरी आधी.

आणि हे सगळं कळायच्या आधी मी वज्रेश्वरीला जायला निघाले होते. लोकलच्या डब्यातली एक मैत्रीण स्कूटरवर, डबे आणि चटई घेऊन, मी सायकलवर. विरारपासून तीसेक किलोमीटर. पहाटे पूल ओलांडून पूर्वेला, मग हायवे, ट्रकांच्या झोतात जीव मुठीत धरून शिरसाड फाटा, आणि तिथे आत वळल्यावर एकदम थंडी, भाताच्या पेंढ्यांचा वास, झोपडीतून निघणारा धूर. मांडवीपर्यंत मी गाणं म्हणत होते. पुढे अंगठे आले, पट्टा आला. उसगावच्या पुढे पाणी प्यायला उतरले आणि तशीच राहिले. दोन्ही हात सीटवर, मान खाली, रस्त्यावरच्या एका मुंगळ्याकडे बघत. सरळ व्हायला गेलं की सुरी फिरल्यासारखं व्हायचं. मैत्रीण मागून आली, तिला वाटलं मी काही पडलेलं शोधतेय. तीही वाकून शोधायला लागली. मग आम्ही दोघीही हसलो, आणि हसण्याने अजून दुखलं.

सायकल भाजीच्या टेम्पोत चढली, मी स्कूटरच्या मागे. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरताना मैत्रिणीने माझे दोन्ही हात धरले होते, नव्या नवरीला उतरवतात तसे. पाणी आधी सोसवेना. मग ते गंधकाचा वास घेऊन हळूहळू कंबरेच्या आत शिरलं. शेजारी एक म्हातारी गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. "कशाने धरली?" तिने विचारलं. मी म्हटलं, सायकलने. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कोणाकडे जायची होती?" म्हणजे एवढी घाई कोणाकडे पोचायची होती. याला उत्तर नव्हतं. वज्रेश्वरीचं देऊळ म्हणजे चिमाजी अप्पांनी बोललेला नवस, असं आमच्याकडे सांगतात. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला आणि देवीला देऊळ मिळालं. बावन्न पायऱ्या आहेत. मी खालूनच हात जोडले.

तर, मेस्त्री. त्याने मला भिंतीला हात टेकून सायकलवर बसायला सांगितलं. "चप्पल काढा. टाच ठेवा पायडलवर. आता पायडल पार खाली." माझी टाच पायडलच्या वर अधांतरी राहिली. त्याने पाना लावून सीट खाली सोडली, टाच टेकली, गुडघा सरळ झाला. "आता पुढचा चवडा ठेवा." गुडघा जरासा वाकला. "एवढाच वाकला पाहिजे." मग त्याने अर्धी भरलेली पाण्याची बाटली सीटवर आडवी ठेवली आणि डोळे बारीक करून आतल्या पाण्याची रेघ बघितली. सीटचं नाक वर होतं. त्यामुळेही कंबर मागे ढकलली जाते, म्हणाला. अगदी नखभर खाली केलं. हँडल ज्या तुकड्यावर बसतं तो लांब होता. त्याने डब्यात हात घालून, छर्रे आणि नटांच्या खळखळाटातून कुठल्याशा मोडीत निघालेल्या सायकलचा आखूड तुकडा काढला आणि उलटा बसवला. हँडल जवळ आलं, वर आलं. "बसा." मी बसले. हात कोपरात सैल झाले. तळ्याच्या पलीकडचा काठ दिसला, तिथे कपडे धुणारी बाई दिसली, तिच्या मागचं देऊळ दिसलं.

सीटच्या दांड्यावर एक जुनी खूण होती, वर्षानुवर्षं तिथेच आवळल्याने उमटलेलं कडं. ती मुलाची. मेस्त्रीने नव्या जागी काळी टेप गुंडाळली. दोन खुणांमध्ये बोटं ठेवून बघितली: तीन. "पोरगा आला की करील वर," तो म्हणाला. "त्याची खूण आहेच. ही तुमची राहू द्या."

पैसे किती म्हणून विचारलं तर म्हणाला, हवेचे द्या.

दुखणं गेलं असं नाही. वीस मिनिटांचं पाऊण तासावर गेलं. रोज सकाळी पडवीत खुब्यातून वाकते, शिरा शिव्या घालतात. कुंपणांवरून आता थोडं दिसतं, पण बघण्यासारख्या वाड्या कमी झाल्यात, कुंपणाच्या जागी बऱ्याच ठिकाणी इमारतीची भिंत आहे. एका वाडीत अजून सोनचाफा आहे. तिथे मी मुद्दाम पाय टेकते.

दिवाळीत मुलगा आला. पाडव्याच्या पहाटे सायकल घेऊन अर्नाळ्याला जाऊन आला, घामेजून, खूश होऊन. "आई, हँडलचं काय केलंस गं? म्हाताऱ्यांची सायकल झालीय," म्हणाला, आणि पोहे खाऊन झोपला. भाऊबीज करून बंगळूरला परतला. दुसऱ्या दिवशी चादर काढली तर सीट खाली केलेली होती. त्याने आठवणीने केली होती. टेपच्या एक बोट वर.

पाना काढला, फडक्याने पुसला, आणि तसाच पिशवीत टाकून निघाले. तळ्यापर्यंत डोलत गेले असणार. टपरीवर निळं मेणकापड अजून खाली ओढलेलंच होतं.